उलटी का सुलटी

जामनेर रोडला टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं,
तिथे आता काच आहे. फरशीपासून छतापर्यंत नुसती काच.
आतले तांब्याचे हंडे रस्त्यावरून दिसतात.
पहिले काही दिवस लोकांना वाटलं,
लग्नाच्या भांड्यांचं दुकान निघतंय.

कुठल्याशा बियर कंपनीचं आहे म्हणे.
अकरा टीव्ही. आणि नळ फिरवला की फेस.
भुसावळात नळाला पाणी बाराव्या दिवशी,
हे रांगेत कुणीतरी बोललंच,
आणि सगळे हसले, मीसुद्धा.

मार्चात त्यांचा एक पोरगा दारोदार हिंडत होता,
कानात बाळी, हातात मोजायची टेप:
"जुनं स्पोर्टचं काही आहे का, मावशी? भिंतीसाठी."
रेल्वे क्वार्टरांच्या गावात काय नसतं!
ग्लॅडिसबाईंनी नवऱ्याचे बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज दिले,
झोपे सरांनी शिट्टी दिली, तीही फुकट.
मी बाबांची हॉकी स्टिक दिली. बावीसशेला.

बाबांनी दारूत काय काय घातलं
ती यादी आईला तोंडपाठ आहे:
सायकल, शिलाई मशीनचं डोकं
(पायडल राहिलं, त्यावर आता तुळस आहे),
पितळी बंब, माझे पैंजण, सगळा पीएफ.
विकली नाही ती एवढीच.
लोको शेडमागे बारकूचा गुत्ता होता.
तिथे बाबा बसले की एक हात ग्लासावर
आणि एक स्टिकच्या दांड्यावर,
जणू आत्ता कोणी पास देईल.
गुत्त्याला काच नव्हती. गोणपाट होतं.
माणसं आत शिरताना तोंडावर रुमाल धरायची
आणि तरी चपलांवरून ओळखू यायची.

बावीसशे हातात घेऊन घरी आले,
आई लसूण सोलत होती.
वर न बघता म्हणाली,
"गेलीच ना शेवटी ती पन. आन् तिथंच."

उद्घाटनाला भटजींनी हंड्यापुढे नारळ फोडला,
मग तीर्थाची पळी हातात धरून
क्षणभर थांबले. सगळेच थांबले.
नगरसेवकांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या.

मी पोस्टातून थेट गेले, डब्याची पिशवी खांद्याला.
माझ्याकडे पास होता, तरी दारातल्या माणसाने
माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं.
कोणी नव्हतं.
केळ्याचे वेफर्स एकशे ऐंशीला,
केळी रावेरची, नाव मात्र वाचता येईना.

स्टिक बाथरूमच्या दारापाशी सापडली,
आकडा वर, दांडा खाली, छत्रीसारखी टांगलेली.
शेजारी पाटी: अंदाजे १९५०.
अंदाजे कशाला? चौऱ्याहत्तर साल. मी चौथीत होते.
दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी
मीच गुंडाळलेली, शेवटचा वेढा सैल.
अजून सैलच आहे.

"मॅडम, कोणाची वाट बघताय?"
दिलवर पावरा, छातीवर नाव, मिसरूड कोवळं.
नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग मॅच कुठली लावू?"
हॉकी, म्हटलं.
त्याने मनापासून शोधली.
फुटबॉल, फुटबॉल, गाड्यांची शर्यत, परत फुटबॉल,
एक जुना क्रिकेट सामना,
ज्याचा निकाल अख्ख्या गावाला माहीत.
"नाही लागत, मॅडम," तो म्हणाला,
त्याचाच गुन्हा असल्यासारखा.

लिंबू सोडा एकशे चाळीस, वर कर.
बारकूच्या वहीत एकोणीस वर्षं एक पान होतं,
"तायडे फिटर" नावाचं,
बाबा गेल्यावर ते आईने भरलं, हप्त्याहप्त्याने.
मी सुटे मोजून दिले.
पावती मोबाईलवर येईल म्हणाला.
म्हटलं, नको. कागदावर दे.

आई जागीच होती.
पावती तिने दिव्याखाली धरली, वाचता येत नाही तिला,
दोन्ही बाजूंनी पाहिली, घडी केली, कमरेला खोचली.
बऱ्याच वेळाने, कूस बदलून,
"उलटी टांगली का सुलटी?"

सुलटी, म्हणाले.